शिक्का कोणी मारला?

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव पाठवणारा स्वतःच लिहितो. तारखेचा शिक्का मात्र टपाल खातं मारतं. नाव खोटं असू शकतं. शिक्का कुठे आणि कधी पडला हे पाठवणाऱ्याच्या हातात नसतं. अनोळखी पत्राची पारख करायची ही रीत मी नोकरीत शिकलो, आणि आज मोबाइलवर येणाऱ्या खोट्या मेलपुढे बसतो तेव्हाही तीच वापरतो. ही रीत आमच्या चांदा-गडचिरोलीच्या जंगलात कशी रुजली आणि ती सुटल्यामुळे आमची पोरं कशी नागवली जात आहेत, हे मला सांगायचं आहे.

मी मेल ओव्हरसियर होतो. टपाल खात्याबाहेर हे पद फारसं कोणाला माहीत नसतं. गावोगावच्या शाखा डाकघरांत जायचं, रोकड मोजायची, हिशेबाची वही तपासायची, थैलीच्या तोंडावरचा लाखेचा शिक्का शाबूत आहे का पाहायचं आणि वाटलेल्या मनीऑर्डरी खरोखर ज्याच्या त्याच्या हातात पडल्या का, हे घरोघर जाऊन विचारायचं. अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, भामरागड हा माझा भाग. सुरुवातीला सायकल होती, पुढे मोटारसायकल आली. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागड तुटायचं आणि थैल्या अलीकडेच पडून राहायच्या. सिरोंच्याकडे पत्ते तेलुगूत लिहिलेले असत, मुलचेऱ्याच्या निर्वासित वसाहतींत सह्या बंगालीत असत, आणि माडिया गावांत बहुतेक फॉर्मवर अंगठाच असे. एवढ्या लिप्यांच्या मुलखात अक्षरावरून माणूस ओळखणं अवघडच. म्हणून आमची सगळी भिस्त साक्षीवर.

मनीऑर्डरीचा नियम सोपा होता. पैसे घेणारा पोस्टमनच्या ओळखीचा नसेल तर त्याला ओळखणारा दुसरा माणूस हवा. अंगठा घेतला तर सही करू शकणारा साक्षीदार हवा. पैसे मिळाल्याची पावती परत पाठवणाऱ्याकडे जायची. म्हणजे एका रकमेमागे घेणारा, देणारा, साक्षीदार आणि पावती बघणारा अशी चार डोकी असत. मनीऑर्डर भारतात १८८० साली टपाल खात्याकडे आली आणि तेव्हापासून या चार डोक्यांवर ती चालली. महिन्या दोन महिन्यांनी मी पाचवा जायचो.

विचारण्याचीही पद्धत होती. ‘तुम्हाला तीनशे रुपये मिळाले ना?’ असं कधी विचारायचं नाही. ‘किती मिळाले, कधी मिळाले, तेव्हा कोण कोण हजर होतं?’ असं विचारायचं. उत्तर प्रश्नातच घातलं की माणूस मान डोलावतो, आणि समोर सरकारी माणूस उभा असेल तर हमखास डोलावतो. जिमलगट्ट्याच्या पलीकडच्या एका गावात एका म्हाताऱ्या बाईच्या नावावर बाहेरगावी कामाला गेलेल्या मुलाचे पैसे वाटलेले दिसत होते. फॉर्मवर अंगठा होता, साक्षीदाराची सही होती, तारीख होती. मी बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “मी तं लेकीकडं होती जी, मोह येचाले. महिनाभर घरीच नव्हती.” पुतण्याने शेजारच्या एका बाईला डोक्यावरून पदर घेऊन उभं केलं होतं आणि साक्षीला आपलाच दोस्त आणला होता. कागदावर सगळं होतं. खोटा होता तो माणूस. पुढे गावात बैठक बसली आणि पैसे बाईंना परत मिळाले. साक्षीदार ठकाच्याच घरचा असेल तर साक्ष फुकट जाते, हे मला तिथे पक्कं कळलं.

अंगठ्याची ही रीतही मुळात दुसऱ्याच्या नावाने पैसे उचलणाऱ्यांसाठीच आली. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. पुढे हुगळीला असताना, १८७७ च्या सुमारास, त्याने निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. मेलेल्या माणसाच्या नावाने दुसराच पेन्शन उचलायचा, म्हणून. १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी उभी राहिली. ठशांची वर्गवारी बसवण्याचं काम अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी केलं आणि नाव साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं, झालं. ही दोन नावं आमच्या शाळांच्या पुस्तकांत असायला हवीत असं मला मनापासून वाटतं. कारण आज आधारच्या यंत्रावर अंगठा टेकवून राशन घेणारी प्रत्येक बाई त्यांचंच काम वापरते. आधारचं पहिलं कार्डही आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला, सप्टेंबर २०१० मध्ये दिलं गेलं.

ठशांच्या आधी काय होतं? मोडीतल्या जुन्या कागदांवर वर शिक्का असायचा आणि मजकूर संपला की खाली मोर्तब. मोर्तबाखाली कोणी एक ओळ जरी वाढवली तरी ती दिसून यायची. पत्र लिहिणारा कारकून एक आणि शिक्का सांभाळणारा दुसरा. दोघांनी संगनमत केल्याशिवाय खोटं पत्र तयार होत नसे. संगनमत होत नसेच असं मात्र नाही.

आणि कागद सोडा, अख्खा माणूसच खोटा उभा राहिल्याची गोष्ट मराठी मुलखाने पाहिली आहे. १७६१ च्या पानिपतात सदाशिवरावभाऊ पडले, पण ते जिवंत असावेत ही आशा घराघरांत राहिली. त्या आशेवर सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण ‘मी भाऊ’ म्हणून पुढे आला. माधवराव पेशव्यांच्या काळात त्याचं पितळ उघडं पडलं आणि त्याला कैदेत ठेवलं. पुढे १७७६ साली रत्नागिरीच्या मामलेदाराने, रामचंद्र नाईक परांजप्यांनी, त्याला सोडून भाऊ म्हणून मानलं, आणि बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. शेवटी आंग्र्यांनी धरून पुण्याला दिलं आणि त्याच वर्षी त्याला देहान्त शासन झालं. न. चिं. केळकरांनी यावर नाटक लिहिलं, ते ‘तोतयाचे बंड’. मला या प्रकरणात तोतयापेक्षा त्याच्यामागे गेलेली माणसं महत्त्वाची वाटतात. ती मूर्ख नव्हती. त्यांना भाऊ परत हवे होते. ज्याची आपण वाट पाहतो त्याच्याच नावाने ठक येतो. नोकरीची वाट पाहणाऱ्याकडे नेमणूकपत्र येतं, आजारी माणसाकडे औषधाचं पत्र येतं, भ्यालेल्याकडे पोलिसांची नोटीस येते.

आमच्या भागात भीतीची नोटीस फार चालते आणि त्यालाही इतिहास आहे. जंगलातल्या माणसाकडे सरकार आलं ते कागद घेऊन आलं. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी चांद्याचा किल्ला घेतला. चाळीस वर्षांनी, १८५८ मध्ये, इथे बाबुराव शेडमाके उठले. त्यांच्या लोकांनी प्राणहितेकाठी चिंचगुंडीला जो तळ उधळला तो तारखात्याचा होता. तिथले दोन युरोपीय कर्मचारी मारले गेले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला बाबुरावांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. निरोपाची तार या मुलखात अशी आली. ज्या टपाल-तार खात्यात मी जन्म काढला, त्याच टपाल खात्याने २००९ साली बाबुरावांवर तिकीट काढलं, आणि ते मी आजही जपून ठेवलं आहे.

त्यानंतर आले वनकायदे. १८७८ चा, मग १९२७ चा. बैलगाडीत लाकूड असेल तर पास दाखव, चराईचा परवाना दाखव, नोटिशीवर अंगठा कर. लाकडाचं एक सांगतो, कारण ते माझ्या मुद्द्याला लागून आहे. आलापल्लीच्या सागाच्या लठ्ठ्यावर वनखातं लोखंडी हॅमरने खूण ठोकतं. कापणाऱ्याने ठोकायची नाही, विकणाऱ्याने नाही, खात्यानेच ठोकायची. ती खूण बनावट केली किंवा खोडली तर १९२७ च्या कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. टपालाचा तारीख शिक्का आणि वनखात्याचा हॅमर यांचं काम एकच, मालक सांगतो त्यावर तिसऱ्याने शेरा मारायचा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने बांबूचा हक्क मिळवला तेव्हा २०११ साली वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्या वेळी केंद्रीय मंत्री गावात आले होते. गावाला जिंकल्यासारखं वाटलं ते त्या पुस्तकामुळे. शिक्का कोणाच्या हातात आहे हे आमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या नीट समजतं. म्हणूनच सिंहाची मुद्रा छापलेला कागद पाहिला की त्यांचा हात थरथरतो, आणि म्हणूनच ठकाला ती मुद्रा लागते. राजमुद्रेचा गैरवापर रोखायला २००५ सालचा वेगळा कायदा आहे, पण संगणकावर ती मुद्रा चिकटवायला काही क्षण पुरतात.

टपालातूनही ठक यायचेच. व्हीपी म्हणजे व्हॅल्यू पेएबल, १८७७ पासूनची सोय. पार्सल दारात येतं, पैसे भरा आणि मगच फोडा. दुर्गम भागाला ही सोय वरदान होती. बियाणं, पुस्तकं, घड्याळं अशीच यायची. पण पैसे आधी आणि माल नंतर, एवढ्याशा फटीतून ठक शिरला. वर्तमानपत्रात नऊ घरांचं कोडं यायचं, आडवी-उभी बेरीज पंधरा करा आणि ट्रान्झिस्टर जिंका. कोडं चौथीतलं पोर सोडवील असं. सोडवून पाठवलं की पत्र यायचं, अभिनंदन, तुम्ही विजेते आहात, फक्त अर्धी रक्कम भरून व्हीपी सोडवा. आत निघायचा खोका नि त्यात कामाचं काही नाही. टपालाचा नियम होता की, मागणी आल्याशिवाय व्हीपी पाठवू नये आणि तसं पाठवणाऱ्याने लिहून द्यावं. कोडं सोडवून पाठवणं हीच ‘मागणी’ ठरायची. नालंदा जिल्ह्यातल्या कतरीसरायच्या टोळ्यांनी पांढऱ्या डागांच्या औषधाच्या जाहिरातींवर टपालातून देशभर पैसे गोळा केले, पुढे लॉटरीची पत्रं पाठवली आणि आज त्याच भागातून फोनवरची ठकवणूक चालल्याच्या बातम्या येतात. धंदा तोच, वाहन बदललं.

मी अशा व्हीपीच्या वेळी लोकांना पाकिटावरचा शिक्का वाचायला सांगायचो. पत्रात लिहिलंय मुंबईची कंपनी आणि शिक्का भलत्याच गावाच्या डाकघराचा, तर घेऊ नका. लोक ऐकायचे. डोळ्यांना दिसणारी गोष्ट होती ती.

पत्ता वाचायचीही टपालाची उलटी रीत आहे. सामान्य माणूस वरून वाचतो, आधी नाव. छाटणी करणारा खालून वाचतो. आधी पिन, मग जिल्हा, मग गाव, नाव सगळ्यांत शेवटी. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस आणि संस्कृतचे मोठे पंडित. एकाच नावाची गावं, एकाच नावाची माणसं आणि पत्ते लिहिलेल्या नाना लिप्या, या घोळावर त्यांनी सहा आकड्यांचा उपाय काढला. ४४२७०५ पाहिलं की पत्र अहेरीचं, मग वर कोणत्याही लिपीत काहीही लिहिलेलं असो. नाव फसवतं, आकडा फसवत नाही, असं आमच्या छाटणी टेबलावर म्हणायचे.

नक्षलवाद आमच्याकडे १९८० च्या सुमारास नदी ओलांडून आला आणि त्याच्या पाठोपाठ आणखी एक प्रकार आला, ज्याबद्दल बाहेर फार बोललं जात नाही. तो म्हणजे तोतया नक्षलवादी. रस्त्याच्या कंत्राटदाराला, तेंदूच्या ठेकेदाराला, कधी साध्या किराणा दुकानदाराला लाल शाईतली चिठ्ठी यायची. वर दलमचं नाव, खाली कोणा कमांडरचं, मध्ये रक्कम आणि जागा. काही चिठ्ठ्या खऱ्या असत, काही गावातल्याच दोघा-चौघांनी लिहिलेल्या. पोलिसांनी अशा टोळ्या पकडल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या. चिठ्ठी मिळालेला माणूस कोणालाच विचारू शकत नसे. पोलिसांकडे गेला तर खऱ्यांची भीती, नाही गेला तर पैसे गेले. ‘कोणाला सांगू नका’ ही ओळ त्या चिठ्ठीत असायचीच. पुढे जेव्हा मी संगणकावरची ठकवणूक पाहिली, तेव्हा तीच ओळ पहिल्यांदा ओळखली. आज सीबीआयच्या नावाने जी खोटी मेल येते तिच्यात लिहिलेलं असतं की तुमच्यावर गंभीर गुन्हा आहे, चोवीस तासांत उत्तर द्या, कोणाला कळवू नका. पाठोपाठ व्हिडिओ कॉल करून ‘डिजिटल अटक’ केल्याचं सांगतात. अशी कोणतीही अटक भारताच्या कायद्यात नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये खुद्द पंतप्रधानांना ‘मन की बात’मधून हे सांगावं लागलं.

आता मेलकडे येतो. मेल एका संगणकावरून दुसऱ्याकडे कशी न्यायची याचा नियम जॉन पोस्टेल यांनी लिहिला तो ऑगस्ट १९८२ मध्ये. त्याच महिन्याच्या २६ तारखेला चांद्यातून फुटून आमचा गडचिरोली जिल्हा झाला. पोस्टेल यांच्या वेळी जाळं लहान होतं. विद्यापीठातली, संशोधनातली माणसं, बहुतेक एकमेकांना ओळखणारी. म्हणून पाठवणाऱ्याने ‘मी अमुक’ म्हटलं की संगणकाने ते मानायचं, असंच ठरलं. पाकिटावर नाव लिहायची मुभा राहिली, तारीख शिक्का मागे पडला. जग त्या नियमावर वाढत गेलं आणि ठक त्याच्या मागोमाग. शिक्का परत आणायला पंचवीस-तीस वर्षं लागली. २००७ मध्ये डीकेआयएम नावाची मोहोर आली. ती पाठवणाऱ्या संस्थेचा संगणक मेलवर लावतो, आणि मजकूर वाटेत बदलला तर ती तुटते. २०१२ मध्ये डीमार्क आलं. त्यात संस्था जाहीर करते की, माझ्या नावाची मेल या मोहोरेविना आली तर तिचं काय करायचं. मला ही गोष्ट वाचून फार बरं वाटलं. लाखेचा शिक्का शाबूत नसेल तर थैली फोडण्याआधी पंचनामा करा, हा आमचा शंभर वर्षांचा नियम या लोकांनी वेगळ्या वाटेने गाठला होता.

पण सामान्य माणसाला ती मोहोर दिसत नाही. हा खरा घात आहे.

शेजारच्या गावचा एक मुलगा बारावी होऊन वनरक्षक भरतीची तयारी करत होता. एक दिवस ऑनलाइन सेंटरवरून छापून आणलेला कागद घेऊन आला. “काकाजी, लागली नोकरी.” कागदावर सिंहाची मुद्रा, इंग्रजीतला मजकूर, निळ्या शाईची सही, गोल शिक्का, जावक क्रमांक. खाली लिहिलं होतं की कागदपत्र पडताळणीचं शुल्क उद्यापर्यंत भरा, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल. पैसे भरायचे होते ते एका माणसाच्या मोबाइल नंबरवर. बापाने तेंदूच्या हंगामातले पैसे काढून ठेवलेही होते.

मी त्याला म्हटलं, कागद बाजूला ठेव, मोबाइल काढ, मेल उघड. वर खात्याचं इंग्रजी नाव ठळक दिसत होतं. त्या नावावर बोट दाबायला लावलं, तर खाली खरा पत्ता निघाला. तो उजवीकडून वाचायला लावला. शेवटी ‘डॉट कॉम’. त्याच्या आधी ‘महाफॉरेस्ट’, ‘गव्ह’, ‘रिक्रूटमेंट’ असले शब्द आडव्या रेघा घालून एकाला एक जोडलेले. सरकारी पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असा असतो आणि तो शेवट सरकारी कार्यालयांनाच मिळतो. मधे ‘गव्ह’ हा शब्द कोणीही विकत घेऊन लिहू शकतो. पिन कोड खालून वाचतात तसा हा पत्ता शेवटाकडून वाचायचा. मुलगा हुशार, त्याला लगेच समजलं. मग मूळ संदेश उघडायला लावला. त्यात एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तीन तपासण्यांच्या ओळी असतात. तिथे तिन्ही पास होत्या. तो म्हणाला, “म्हणजे खरी आहे ना काकाजी?” हे समजावणं जड गेलं. मोहोर एवढंच सांगते की मेल त्या ‘डॉट कॉम’वाल्याकडूनच आली. तो ‘डॉट कॉम’वाला वनखातं आहे असं ती म्हणत नाही. पुतण्याने आपला दोस्त साक्षीला आणला होता, तसंच हे.

मग त्याच्या बापाला म्हटलं, उद्या गाडी करून वनखात्याच्या कार्यालयात दोघं जा आणि विचारून या. कागदावर छापलेल्या नंबरवर फोन करू नका, तो नंबर ठकाचाच असणार. ते गेले. तिथल्या बाबूने सांगितलं की असं पत्र निघालेलं नाही, निवड यादी खात्याच्या संकेतस्थळावर लागते आणि नेमणुकीसाठी कोणाच्या मोबाइलवर पैसे मागितले जात नाहीत. तेंदूचे पैसे वाचले. त्याच आठवड्यात आणखी एका गावातल्या पोराचे गेले. त्याला विचारायला कोणी नव्हतं.

मला राग येतो तो इथे. मनीऑर्डरीच्या मागे चार डोकी होती. मेलच्या मागे एक पोरगा आणि त्याचा मोबाइल. ओळख पटवण्याचं जे काम सव्वाशे वर्षं टपाल खात्याने पगार देऊन करवून घेतलं, ते आज काही न शिकवता वाचणाऱ्याच्या गळ्यात टाकलं आहे. तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. जुनी मनीऑर्डर २०१५ मध्ये गेली. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. वेग वाढला, हे चांगलंच. सिरोंच्याच्या माणसाला निरोपासाठी आठवडा थांबावं लागू नये. पण साक्षीदार कमी झाला आणि त्याच्या जागी कोणी नेमलं नाही.

काही चांगली पावलं पडली आहेत, ती सांगतो. ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या पत्रावर एक ओळख क्रमांक असतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर टाकून पत्र खरं की खोटं तपासता येतं. ही अगदी पोचपावतीसारखी, दुसऱ्या वाटेने केलेली खात्री आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना २०२५ च्या ऑक्टोबरअखेर ‘बँक डॉट इन’ असा शेवट असलेल्या पत्त्यावर जायला सांगितलं. हा शेवट फक्त बँकांना मिळतो. कायदाही जुनाच आहे. दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवण्याला १८६० च्या दंडसंहितेत कलम ४१९ होतं, आता न्याय संहितेत कलम ३१९ आहे, आणि संगणकावरून केलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-डी. नायजेरियाच्या कायद्यातही अशा ठकवणुकीचं कलम ४१९ च आहे आणि जगभर या मेलना त्या आकड्यानेच ओळखतात. एका कलमाचा आकडा दोन देशांत जुळला, इतकी ही जात जगभर पसरलेली आहे.

पण क्रमांक तपासायला, पत्त्याचा शेवट वाचायला कोणीतरी शिकवावं लागतं आणि तेही माडिया, गोंडी, तेलुगू, बंगालीत. गावातल्या शाखा डाकघरात ग्रामीण डाक सेवक अजून बसतो. गाव त्याला ओळखतं, तो गावाला ओळखतो. माझी टपाल खात्याला आणि जिल्हा प्रशासनाला कळकळीची मागणी आहे की, या सेवकांना अनोळखी मेल तपासायला रीतसर शिकवा, त्याचा मोबदला द्या, आणि प्रत्येक शाखा डाकघरावर पाटी लावा, ‘सरकारी मेल आली असेल तर पैसे भरण्याआधी इथे दाखवा’. ग्रामसभेनेही ठराव करून गावातली शिकलेली दोन पोरं-पोरी या कामाला नेमावीत. ज्या ग्रामसभा बांबूचे परवाने सांभाळतात त्यांना हे काम जड नाही.

आणि वाचकहो, तोवर एवढं करा. अनोळखी मेल आली तर पत्त्याचा शेवट वाचा, पैसे किंवा ओटीपी मागितला असेल तर थांबा, त्या मेलमध्ये नसलेल्या वाटेने, स्वतः जाऊन किंवा आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर, विचारून घ्या. ‘कोणाला सांगू नका’ असं लिहिलं असेल तर आधी घरच्यांना सांगा. पैसे गेलेच असतील तर लाजू नका आणि रात्र जाऊ देऊ नका, लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.